दहा डॉलरची पटकथा: प्रेस्टन स्टर्जेसने नेमकं काय विकलं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची एक पटकथा पूर्ण लिहून तयार आहे आणि ती तुम्हालाच दिग्दर्शित करायची आहे. निर्माता म्हणतो, "पटकथा एका रुपयात द्या, दिग्दर्शन तुमचं. हॉलिवूडच्या प्रेस्टन स्टर्जेसनेही हेच केलं होतं." हा स्टर्जेस कोण आणि त्याचा कित्ता आपण गिरवावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पंचवीस वर्षं पटकथा लिहिते आहे, त्यातल्या तीन मी स्वतः दिग्दर्शित केल्या. हीच दहा डॉलरची गोष्ट मलाही उमेदवारीच्या काळात एकाने ऐकवली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट खरी आहे. स्टर्जेसने १९३३ साली एका राजकीय भामट्याची पटकथा लिहिली आणि सहा-सात वर्षं ती घेऊन तो दारोदार फिरला. कुणी हात लावेना. १९३९ मध्ये तो पॅरामाउंट स्टुडिओला म्हणाला, ही जवळजवळ फुकट घ्या, अट एकच, दिग्दर्शन मी करणार. करार कायद्यात टिकायचा तर काहीतरी मोबदला दाखवावा लागतो, म्हणून आकडा पडला दहा डॉलर. चित्रपट झाला 'द ग्रेट मॅकगिंटी', प्रदर्शित झाला १९४० मध्ये. त्या वर्षी मूळ पटकथेसाठीचं ऑस्कर प्रथमच दिलं गेलं, आणि ते यालाच मिळालं.

आता जो भाग तुम्हाला सांगितलेला नाही, तो असा. त्या वेळी स्टर्जेस पॅरामाउंटचा पगारी लेखक होता आणि त्याचा पगार आठवड्याला अडीच हजार डॉलरच्या घरात होता. महिन्याला नाही, आठवड्याला. दहा डॉलरवर त्याची चूल पेटत नव्हती. त्याच्या नावावर ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचं, एक गाजलेलं नाटक होतं आणि स्टुडिओला कमाई करून देणाऱ्या पटकथा होत्या. त्याला दुखावलं तर तो दुसऱ्या स्टुडिओत जाईल, ही धास्ती समोरच्याला होती. दहा वर्षांत कमावलेलं हे वजन त्याने त्या टेबलावर ठेवलं. दहा डॉलर हा कागदावरचा आकडा होता.

हे वजन आलं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. जन्म शिकागोचा, १८९८ चा. आई मेरी डेस्टी ही नर्तिका इसाडोरा डंकनची जिवलग मैत्रीण. १९२७ मध्ये नीस शहरात मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकून इसाडोराचा अंत झाला, तो स्कार्फही मेरीनेच दिलेला. मुलाचं बालपण या आईमागे युरोपभर फिरण्यात गेलं. सावत्र वडील सॉलोमन स्टर्जेस शिकागोचे शेअर दलाल, अत्यंत सरळ माणूस, आडनाव त्यांचं. एकीकडे कलेच्या नावाखाली चाललेला उधळेपणा, दुसरीकडे हिशेबी, मायाळू, अबोल बाप. त्याच्या चित्रपटांत पैसा असलेली माणसं मूर्ख दिसतात पण दुष्ट कधीच दिसत नाहीत, त्याचं मूळ मला या वडिलांत दिसतं. हा माझा अंदाज आहे, पण त्याचे चित्रपट पुन्हापुन्हा पाहून बांधलेला.

तरुणपणी तो आईच्या सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात होता. लेखनाकडे वळला तिशीच्या उंबरठ्यावर. सप्टेंबर १९२९ मध्ये 'स्ट्रिक्टली डिसऑनरेबल' हे त्याचं नाटक ब्रॉडवेवर आलं. पुढच्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला, तरी नाटक चालतच राहिलं. ५५७ प्रयोग झाले. पुढची तिन्ही नाटकं मात्र पडली आणि स्वारी हॉलिवूडला गेली.

तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये लेखक हा कारखान्यातला कामगार होता. एकाने कथा लिहायची, दुसऱ्याने संवाद, तिसऱ्याने त्यात विनोद घालायचे, चौथ्याने सगळं पुसून पुन्हा लिहायचं. शेवटी पडद्यावर कुणाचं नाव येईल ते स्टुडिओ ठरवणार. स्टर्जेसने १९३३ मध्ये 'द पॉवर अँड द ग्लोरी' फॉक्स स्टुडिओला विकली, तेव्हा ही रीतच मोडली. निर्माता जेसी लास्कीला अपेक्षा होती कथेच्या आराखड्याची. याने शेवटच्या संवादापर्यंत पक्की झालेली पटकथा समोर ठेवली. तिला १७,५०० डॉलर आगाऊ आणि वर उत्पन्नात टक्केवारी मिळाली. एका रेल्वे उद्योगपतीचं आयुष्य त्याच्या अंत्यविधीपासून सुरू करून पुढे-मागे उड्या मारत सांगणारी ती पटकथा होती. आठ वर्षांनी आलेल्या ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' या चित्रपटाच्या रचनेशी तिचं नातं अभ्यासक आजही जोडतात.

चित्रीकरणाच्या वेळी स्टर्जेस पदरमोड करून सेटवर हजर राहिला. तिथे त्याने पाहिलं की सेटवर लोक दिग्दर्शकासाठी खुर्ची आणतात, त्याच्या शब्दाला उठून उभे राहतात, आणि ज्याने तो सगळा प्रसंग कागदावर उभा केला त्याला कुणी ओळखतही नाही. चित्रपटाने पैसे मिळवले नाहीत, पण आपल्याला काय व्हायचंय ते त्याला तिथे कळलं.

पुढची सहा-सात वर्षं तो इतरांसाठी लिहीत राहिला. 'इझी लिव्हिंग' आणि 'रिमेंबर द नाइट' या दोन पटकथा मिचेल लायझनने दिग्दर्शित केल्या. लायझन चांगला दिग्दर्शक होता, त्याला कपडे आणि सजावट यांची उत्तम नजर होती. पण तो संवाद छाटायचा. याच लायझनमुळे पॅरामाउंटचा आणखी एक लेखक पेटून उठला, बिली वाइल्डर. 'होल्ड बॅक द डॉन'मध्ये वाइल्डरने एक प्रसंग लिहिला होता: सीमेवर अडकून पडलेला नायक भिंतीवरच्या झुरळाशी अधिकाऱ्याच्या थाटात बोलतो, तुझी कागदपत्रं कुठायत म्हणून दरडावतो. नट शार्ल बोयेने झुरळाशी बोलायला नकार दिला आणि लायझनने प्रसंग काढून टाकला. १९४२ मध्ये वाइल्डर हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक झाला. त्याच्या आदल्या वर्षी वॉर्नर ब्रदर्समध्ये जॉन ह्यूस्टन हा लेखक 'द मॉल्टीज फाल्कन' घेऊन दिग्दर्शक झाला होता. चॅप्लिनसारखे लिहून दिग्दर्शन करणारे लोक आधीही होते, पण ते मुळात नट होते आणि स्वतःच्या स्टुडिओचे धनी होते. पगारी लेखकाला हे दार उघडलं ते 'मॅकगिंटी'च्या यशानंतर.

'मॅकगिंटी'ची सुरुवात अशी. एका 'बनाना रिपब्लिक'मधल्या, म्हणजे केळीच्या व्यापारावर जगणाऱ्या छोट्या, अस्थिर देशातल्या दारूच्या गुत्त्यात दोन माणसं भेटतात. एक आयुष्यभर प्रामाणिक होता, फक्त एका वेड्या मिनिटाचा अपवाद. दुसरा आयुष्यभर अप्रामाणिक, त्यालाही एका वेड्या मिनिटाचा अपवाद. दोघांनाही देश सोडावा लागला. मग दुसऱ्याची कथा: भिकेला लागलेला मॅकगिंटी मताला दोन डॉलर या दराने एका रात्रीत ३७ खोटी मतं टाकतो, तिथून राजकारणात चढत जातो, आणि बुडतो कधी, तर बायकोच्या सांगण्यावरून प्रामाणिक व्हायला जातो तेव्हा. १९३३ ते १९३९ ही पटकथा कुणी का घेतली नाही, ते एवढ्यावरून कळेल.

आता लेखक दिग्दर्शक झाला की नेमकं काय बदलतं, ते एका प्रसंगातून दाखवते. 'द लेडी ईव्ह', १९४१. बार्बरा स्टॅनविक ही पत्त्यांत लुबाडणारी जीन, हेन्री फोंडा हा बीअर कारखानदाराचा मुलगा चार्ल्स, सापांचा अभ्यासक, ॲमेझॉनहून परतणारा. जहाजाच्या भोजनगृहात चार्ल्स एकटा पुस्तक वाचतोय आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांचा डोळा त्याच्यावर आहे. जीन त्याच्याकडे पाठ करून बसलेली. ती पावडरच्या डबीचा आरसा उघडते आणि आपल्याला सगळं त्या छोट्या चौकोनात दिसतं. कोण रुमाल पाडतेय, कोण ओळख काढतेय, कोण उठावं की न उठावं या विचारात आहे. त्यांचा आवाज आपल्याला येत नाही. जीनच त्यांच्या वतीने बोलते, त्यांची पुढची हालचाल आधी सांगते, फसली की शेरा मारते. शेवटी वैतागून चार्ल्स उठतो, तिच्या टेबलाजवळून जातो, आणि ती शांतपणे पाय पुढे करते. तो आडवा. वर तीच त्याला झापते की माझ्या चपलेची टाच मोडलीस.

हा प्रसंग कागदावर वाचला तर एका बाईचं लांबलचक स्वगत आहे. दुसऱ्या कुणी दिग्दर्शित केला असता तर त्या बायकांचे क्लोज-अप घेतले असते, त्यांना दोन-दोन वाक्यं दिली असती, आणि जीनची बडबड अर्ध्यावर आणली असती. स्टर्जेसला माहीत होतं की जोर तिच्या आवाजात आहे, चित्राने फक्त गप्प राहून तिच्यामागे यायचं आहे. हे ज्ञान पटकथेत लिहिता येत नाही. लिहिलं तरी सेटवर ते वाचायला कुणाला वेळ नसतो.

थोड्या वेळाने तिच्या केबिनमधला शॉट पाहा. ती कोचावर, तो खाली जमिनीवर बसलेला, तिचा हात त्याच्या मानेभोवती, बोटं त्याच्या केसांत. तीन मिनिटांहून जास्त वेळ कट नाही, कॅमेरा हलत नाही. संवादाची लय नटांच्या तोंडी तुटू नये म्हणून हा शॉट अखंड ठेवलाय. संकलनात कुणी एक वाक्य काढू म्हटलं तरी काढता येणार नाही.

त्याची लिहिण्याची पद्धतही याला पूरक होती. तो बसून टाइप करत नसे, सेक्रेटरीला सांगायचा आणि सांगताना सगळ्या भूमिका स्वतः करायचा. आपल्याकडे ज्याला नॅरेशन म्हणतात तेच, पण लिहिताना केलेलं. त्याचे संवाद बोलायला सोपे आहेत ते यामुळे. तुम्हीही करून पाहा. जे वाक्य तुमच्या तोंडात अडखळतं ते नटाच्याही तोंडात अडखळणार.

१९४० ते १९४४ या पाच वर्षांत त्याचे पॅरामाउंटचे आठ चित्रपट प्रदर्शित झाले. आठही त्याने लिहिले आणि दिग्दर्शित केले. आठही चित्रपटांत विल्यम डेमारेस्ट आहे. त्याच्याबरोबर जिमी कॉनलिन, फ्रँकलिन पँगबॉर्न, रॉबर्ट ग्रेग असे चेहरे परतपरत दिसतात. कुणी बटलर, कुणी पोलीस, कुणी हॉटेलचा मॅनेजर, आणि प्रत्येकाच्या वाट्याला लक्षात राहील असं एखादं तरी वाक्य. स्टुडिओने तक्रार केली की तेच तेच चेहरे कशाला. त्याचं म्हणणं असं की पहिल्या चित्रपटात ज्यांनी साथ दिली त्यांचा पुढच्या चित्रपटांवर हक्क आहे. मला हा माणूस सगळ्यात जास्त आवडतो तो इथे.

त्याच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' या चित्रपटाबद्दल एवढंच सांगते की चर्चचा प्रसंग चुकवू नका. बेड्या घातलेले कैदी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये चित्रपट बघायला आणले जातात आणि धर्मगुरू आपल्या लोकांना बजावतो की पाहुण्यांना परकं वाटू देऊ नका. कृष्णवर्णीयांना पडद्यावर केवळ हास्यास्पद दाखवण्याच्या त्या काळात हा प्रसंग इतका वेगळा होता की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी स्टर्जेसला आभाराचं पत्र लिहिलं.

आणि 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक'. युद्धावर निघालेल्या सैनिकांच्या निरोपाच्या मेजवानीला गेलेली मुलगी सकाळी उठते तेव्हा तिचं कुणाशी तरी लग्न झालेलं असतं, नवऱ्याचं नाव तिला आठवत नाही, आणि मग कळतं की दिवस गेलेत. हे १९४२ मध्ये, हॉलिवूडच्या चित्रपटांना नीतिनियम लावणाऱ्या हेज ऑफिसच्या सेन्सॉरशिपखाली! पटकथेची मोजकीच पानं मंजूर झालेली असताना चित्रीकरण सुरू झालं. उरलेलं लिहायचं, पाठवायचं, भांडायचं आणि सेटवर न्यायचं, असं चाललं होतं. चित्रपट अडकत अडकत १९४४ मध्ये आला आणि तुफान चालला. त्याच वर्षी 'हेल द कॉन्करिंग हीरो'ही आला, आणि मूळ पटकथेच्या ऑस्करसाठी त्याची एकाच वर्षी दोन नामांकनं झाली. पुरस्कार तिसऱ्याच कुणाला मिळाला.

पण तोवर तो पॅरामाउंटमधून बाहेर पडला होता. भूल देण्यासाठी ईथर वापरणाऱ्या दंतवैद्य मॉर्टनवरचा 'द ग्रेट मोमेंट' हा त्याचा गंभीर चित्रपट. १८४६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयात एक नोकर मुलगी पाय कापून घेण्यासाठी थांबलेली असते आणि तिला वाचवायला मॉर्टन आपलं गुपित, म्हणजे आपली सगळी संभाव्य कमाई, सोडून देतो. स्टुडिओचा निर्मितीप्रमुख बडी डिसिल्व्हाला चित्रपट पसंत नव्हता. स्टुडिओने तो नव्याने कापला, नाव बदललं. तो आपटला. 'हेल द कॉन्करिंग हीरो'लाही असाच हात लागला, पण चाचणीच्या खेळात तो फसल्यावर स्टर्जेसलाच बोलावणं गेलं, आणि स्टुडिओ सोडून गेलेला हा माणूस पगाराशिवाय येऊन आपला चित्रपट दुरुस्त करून गेला.

पुढचा भाग तुम्ही नीट वाचा, कारण तो कराराचा आहे. १९४४ मध्ये त्याने विमानांच्या धंद्यातला धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजबरोबर कॅलिफोर्निया पिक्चर्स ही कंपनी काढली. पैसा ह्यूजचा, चित्रपट स्टर्जेसचे, ढवळाढवळ नाही असा शब्द. मात्र कंपनीचं नियंत्रण हवं तेव्हा आपल्याकडे घेण्याचा पर्याय करारात ह्यूजकडे होता. मूकपटांच्या काळातला नट हॅरॉल्ड लॉइडला परत आणून 'द सिन ऑफ हॅरॉल्ड डिडलबॉक' झाला, १९४७ मध्ये थोड्या शहरांत लागला, ह्यूजने तो मागे घेतला, आणि १९५० मध्ये कापून 'मॅड वेन्स्डे' या नावाने बाहेर काढला. दरम्यान भागीदारी संपलेली. ज्याने एका अटीवर पटकथा दहा डॉलरला दिली होती, त्याच माणसाने इथे एका कलमाकडे डोळेझाक केली.

त्यानंतर फॉक्ससाठी 'अनफेथफुली युवर्स' (१९४८). बायकोवर संशय असलेला वाद्यवृंदसंचालक रोसिनी, वाग्नर आणि चायकोव्हस्की यांच्या तीन रचना वाजवताना मनात तीन वेगवेगळे निकाल लावतो. माझ्या मते त्याच्या सर्वोत्तम तीन चित्रपटांत बसेल असं काम. चाललं नाही. पुढचा चित्रपटही पडला. सनसेट बुलेव्हार्डवरचं 'द प्लेयर्स' हे त्याचं रेस्टॉरंट वर्षानुवर्षं पैसे गिळत होतं, १९५३ मध्ये तेही गेलं. फ्रान्समध्ये एक शेवटचा चित्रपट झाला. ६ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या अल्गॉनक्विन हॉटेलात आत्मचरित्र लिहीत असताना हृदयविकाराने तो गेला, साठाव्या वर्षी.

लोक म्हणतात त्याची प्रतिभा आटली. मला पटत नाही. 'अनफेथफुली युवर्स' पाहिल्यावर तुम्हालाही पटणार नाही. त्याच्याभोवतीची व्यवस्था गेली: ओळखीचे नट, ओळखीची टीम, दर शुक्रवारी येणारा पगार, आणि ज्याच्याशी भांडता येतं असा स्टुडिओ.

आता तुमच्या निर्मात्याकडे येऊ. मी माझी एक पटकथा अशीच नाममात्र रकमेत दिली होती. करारात वाक्य होतं, "दिग्दर्शकाची निवड लेखिकेशी चर्चा करून". चर्चा झाली. मोठा नट मिळाला, त्याला त्याचा दिग्दर्शक हवा होता, आणि मला फोनवर कळवण्यात आलं. त्यात एक प्रसंग होता: मुलगा गेल्यावर आई त्याने टेबलावर ठेवलेलं एसटीचं तिकीट उचलते, चार घड्या घालते आणि पदराच्या गाठीत बांधते. एक अक्षर बोलत नाही. चित्रपटात ती तिकीट हातात घेऊन रडते आणि मागे गाणं वाजतं. मी थिएटरात सहाव्या रांगेत बसले होते. ती गाठ अजून माझ्याकडेच आहे, असं वाटत राहतं.

म्हणून सांगते, एक रुपया नको. मानधन कमी करा, काही भाग चित्रपट विकल्यावर घ्या, टक्केवारी मागा, पण पटकथेची खरी किंमत कागदावर येऊ द्या. ज्यासाठी रक्कम मोजलीय ती वस्तू लोक फेकून देत नाहीत. दिग्दर्शक म्हणून तुमचं नाव करारात हवं, आणि तुम्हाला बदललं तर पटकथेचे हक्क परत येतील हे त्याच कलमात हवं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार, हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण संपतं, पण 'करारात वेगळं म्हटलं नसेल तर'. निर्मात्यांच्या छापील करारात हे वेगळं म्हणणारी ओळ बहुधा असते, आतल्या पानांवर. ती शोधा. मुदत मान्य करायची तर दीड-दोन वर्षांच्या पुढे जाऊ नका. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवलेली नसेल तर उद्याच नोंदवा, आणि सही करण्याआधी करार या क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा.

आणि निर्मात्याने पुन्हा स्टर्जेसचं नाव काढलं तर त्याला नम्रपणे विचारा: स्टर्जेसला दहा डॉलरबरोबर दर आठवड्याचा पगार चालू होता, चित्रीकरण आणि संकलन पूर्ण होईपर्यंत तुम्ही मला दरमहा किती देणार? त्याचं उत्तर काय येतं ते मला कळवा, मग कराराच्या मसुद्यावर पुढचं बोलू.